कुरणातला छोटा मातीचा बांध: पाणी टिकावं, गुरं आणि पाखरंही यावीत म्हणून

दोन-तीन मीटर उंचीचा बांध फुटतो तो बहुधा तळातून किंवा माथ्यावरून. म्हणून आधी बांधाच्या मध्यरेषेवर घट्ट मुरूम किंवा चिकणमाती लागेपर्यंत पायाखंदक खणा आणि तो चिकणमातीने भरून दाबा. तळाचं गवत, मुळं, भुसभुशीत थर पूर्ण काढा. ते राहिलं तर पाणी तिथूनच वाट काढतं.

माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी टाका, प्रत्येक थर दाबा. ओल मुठीत तपासा: गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. कोरडी माती कितीही रोलर फिरवला तरी बसत नाही. काळी माती फक्त गाभ्यात, म्हणजे बांधाच्या मधल्या भागात. उघडी राहिली तर उन्हाळ्यात भेगाळते, वरून मुरूम हवाच. पाण्याकडचा उतार १:३ (एक मीटर उंचीला तीन मीटर आडवं), मागचा १:२. माती बसते, म्हणून उंची दहा टक्के जास्त ठेवा.

सांडवा, म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट, बांधावरून नको, बाजूच्या मूळच्या घट्ट जमिनीतून काढा, माथ्यापेक्षा किमान एक मीटर खाली.

गुरं थेट तळ्यात सोडू नका. खुरांनी काठ ढासळतो, शेण-मुताने पाणी हिरवं होतं. कुंपण घालून पाइपने खालच्या हौदात पाणी द्या. बांधातून जाणाऱ्या पाइपला काँक्रीटच्या कॉलर (पाइपभोवती बसवलेल्या रुंद कड्या) हव्यातच, नाहीतर पाइपलगत झिरप सुरू होते.

तळ्याचा बांधासमोरचा, पलीकडचा काठ १:६ इतका सपाट ठेवा. तिथल्या उथळ पाण्यात बगळे, तुतारीसारखी पाखरं उतरतात, पडलेलं जनावरही बाहेर येतं. बांधावर मात्र झाड नको, फक्त गवत.