पाचाच्या बोल्टला आठाचं भोक

जुन्या रॅलीच्या आणि रेसच्या गाड्यांना काचेऐवजी पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिडक्या करून बसवायच्या, हे माझं काम. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं शेड आहे, दोन्ही बाजूंना टॉवेलचे कारखाने. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं तर मी "गाडीच्या काचा" एवढंच सांगतो. पुढचं समजावेपर्यंत आमटी गार होते. पण वर्षभरात आयटीआयची, डिप्लोमाची चार-पाच पोरं येऊन "हे शिकायचं कुठं?" असं विचारून गेली. त्यांना तुकड्या-तुकड्यानं सांगितलेलं इथं एकदाच लिहून काढतो.

शिकायचं कुठं? नेमकं याच कामाचा कोर्स माझ्या पाहण्यात नाही. मी आयटीआयतून फिटर झालो आणि नवी पेठेतल्या एका साइनबोर्डच्या दुकानात लागलो. अॅक्रिलिकची अक्षरं कापायची, कडा घासायच्या, मागं दिवे बसवायचे. तीन वर्षं वाया चालली असं तेव्हा वाटायचं. आज विचाराल तर याहून चांगली शाळा मला माहीत नाही. पत्र्याचं काम केलेला माणूस प्लॅस्टिकला पत्र्यासारखं वागवतो, काचवाला काचेसारखं. साइनबोर्डवाल्याच्या हाताला निदान एवढं कळलेलं असतं की शीट तापली की फुगते आणि घाई केली की तडकते.

दुकानाच्या मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन पारदर्शक तुकडे माझ्या हातात दिले. "यातलं पॉलिकार्बोनेट कुठलं, सांग बे." मला दोन्ही सारखेच दिसले. त्यांनी एकेक तुकडा शिकंज्यात धरला आणि वाकवला. पहिला काटकन मोडला, कड सुरीसारखी. दुसरा वाकला आणि वाकलेलाच राहिला. गाडीच्या दारात कुठला हवा, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

हे प्लॅस्टिक तसं फार जुनं नाही. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी ते एकमेकांच्या नकळत शोधलं. मॅक्रोलॉन आणि लेक्सन ही त्याची बाजारातली दोन नावं तिथून आली. म्हणून १९५०च्या दशकातल्या रेसच्या गाडीला प्लॅस्टिकची खिडकी असेल तर ती अॅक्रिलिकची. मालकाला हे माहीत असतंच असं नाही, आपल्याला असलेलं बरं.

आता वजनाचा हिशोब, कारण गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच विचारतं. काचेची घनता २.५, पॉलिकार्बोनेटची १.२. म्हणजे ४ मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच १० किलो भरते आणि ३ मिलिमीटरचं तेवढंच पॉलिकार्बोनेट ३.६ किलो. बाजूच्या चार खिडक्या आणि मागची मोठी मिळून दीड चौरस मीटर धरा. साडेनऊ किलो तिथंच सुटले. शिवाय दारातलं काच वर-खाली करणारं लोखंडी मशीन काढून टाकता येतं. आकडा ऐकून लोक नाक मुरडतात, "एवढ्यासाठी?" म्हणतात. पण हे वजन गाडीच्या कमरेच्या वरचं असतं. वरचं वजन कमी झालं की वळणावर गाडी कमी कलते, आणि ते ड्रायव्हरला पहिल्या घाटातच कळतं.

माझं पहिलं काम एका जुन्या फियाटचं. सोलापूरचेच गृहस्थ, क्लासिक गाड्यांच्या रॅलीला न्यायची म्हणून त्यांनी ती जीव लावून उभी केली होती. साइनबोर्डचं दुकान सोडून पुण्यात एका गॅरेजात दोन वर्षं काढून मी नुकताच परतलो होतो. अंगात तेव्हा जरा जास्तच आत्मविश्वास होता.

आमचे नाना म्हणजे माझे वडील. आयुष्यभर जकार्ड मागासाठी पुठ्ठ्याची कार्डं पंच करायचे. चादरीवरचा मोर कुठं वळणार, हे त्या भोकांवर ठरतं. एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी मोराच्या मानेत खोट. भोक म्हणजे भोक, तिथं सूतभर हयगय नाही, हे ऐकत मी वाढलो. तीच शिस्त मी फियाटला लावली. पाच मिलिमीटरच्या बोल्टला बरोबर पाचाचं भोक. काउंटरसंक स्क्रू, म्हणजे डोकं पृष्ठभागाच्या पातळीत सपाट बसावं. रॅलीत ढिले पडू नयेत म्हणून आट्यांना थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा थेंब, आणि वरून करकचून आवळलं. फेब्रुवारीत गाडी दिली तेव्हा काचेहून सुंदर दिसत होती.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. "काच बोलायला लागलीय ओ, दुपारी टक् टक् आवाज येतो." जाऊन पाहिलं. मागची खिडकी मधोमध पोट सुटल्यासारखी फुगलेली. प्रत्येक भोकाभोवती केसाएवढ्या बारीक भेगांची चांदणी, उन्हाच्या तिरिपीत चमकणारी. अकरा बोल्ट होते, चांदण्या अकरा.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण या धंद्यातलं निम्मं शिक्षण त्यातच आहे. पॉलिकार्बोनेटची मीटरभर लांब पट्टी दर अंशाला जवळपास ०.०७ मिलिमीटर वाढते. फेब्रुवारीच्या सकाळी २५ अंशाला बसवलेली शीट सोलापूरच्या मेमध्ये बंद गाडीवर सहज ६५ अंशाला जाते. ४० अंशांचा फरक म्हणजे पावणेतीन मिलिमीटर वाढ. गाडीचा लोखंडी सांगाडा तेवढ्यात अर्धाच मिलिमीटर वाढतो. उरलेले सव्वादोन मिलिमीटर जाणार कुठं? मी तर चारी बाजूंनी खिळवून ठेवलेलं. त्यात काउंटरसंक स्क्रूचं डोकं पाचरीसारखं भोक आतून फाडत होतं, आणि थ्रेडलॉकमधलं रसायन ताणाखालच्या पॉलिकार्बोनेटला तडे पाडतं हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. तीन चुका एका भोकात.

शीट नवी, मजुरी माझी, असं करून ते काम पुन्हा केलं. तेव्हापासून पाचाच्या बोल्टला आठाचं भोक. सपाट बुडाचं डोकं, खाली रुंद वॉशर. भोक कडेपासून निदान त्याच्या व्यासाच्या दुप्पट आत. वॉशर ईपीडीएम रबराचा. मऊ पीव्हीसीचा चालत नाही, त्यातलं तेल हळूहळू पाझरून शीट खातं. बोल्ट बोटानं आवळायचा आणि वर पाव फेरी. हात लावला तर शीट किंचित सरकली पाहिजे. नट ढिला पडण्याची भीती असेल तर नायलॉनचा लॉकनट घ्या, थ्रेडलॉकची बाटली शेडबाहेर ठेवा. नानांनी ते आठाचं भोक एकदा बोटानं चाचपून पाहिलं आणि "आमच्याकडं असल्या भोकाला मालकानं हाकलून दिलं असतं" एवढंच म्हणाले.

माप घेण्याबद्दल. जुन्या गाडीची डावी-उजवी बाजू सारखी असते असं धरून चालू नका. चाळीस वर्षांत कुठं ठोकर, कुठं वेल्डिंग झालेलं असतं. प्रत्येक खिडकीचा पुठ्ठा वेगळा कापायचा, त्यावर बाजू आणि आत-बाहेर लिहायचं. मूळ काच असेल तर जपून काढून ठेवा, तिच्याइतका चांगला साचा नाही. आणि ती मालकाला परत द्या, विकताना जुन्या गाडीला तिची किंमत येते.

शीट आठ बाय चार फुटांची येते. जिगसॉला बारीक दातांचं पातं लावून सावकाश कापायची, कड आधी कानशीनं, मग २४० आणि ४०० च्या पॉलिश पेपरनं ओली घासायची. हे दिसण्यासाठी नाही. कडेला राहिलेल्या खाचेतूनच चीर निघते. वरची फिल्म शेवटपर्यंत काढू नका, पण शीट उन्हातही ठेवू नका, फिल्म भाजून चिकटते आणि मग नखं तुटतात. फिल्मवर छापलेलं वाचा. यूव्हीचा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा थर बहुधा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू बाहेर जायला हवी. उलटी बसली तर कालांतराने पिवळी पडणार.

सपाट किंवा साध्या गोलाईची खिडकी थंडच वाकवून बसते. बिनकोटिंगच्या शीटला वळणाची त्रिज्या जाडीच्या किमान शंभरपट हवी, म्हणजे ३ मिलिमीटरला ३०० मिलिमीटर. मी दीडशेपट धरतो. हार्डकोट शीट, म्हणजे वर कडक कोटिंग दिलेली, ओरखड्यांना चांगली, पण जास्त वाकवली की कोटिंगच चिरतं.

खोल वळण असेल तर भट्टी. आधी शीट १२० अंशांवर काही तास सुकवायची, कारण हे प्लॅस्टिक हवेतला ओलावा पितं; न सुकवता जास्त तापवलं की आत सोड्यासारखे बुडबुडे धरतात. मग आणखी तापवून मऊ झाली की लाकडी साच्यावर ढाळायची. साच्यावर मऊ कापड हवं, नाहीतर लाकडाच्या रेषा उमटतात. मऊ कापड म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाच्या हाताला काय येणार? शेजारच्या कारखान्यातून सेकंडचा टॉवेल आणला, साच्यावर ताणून बसवला आणि शीट टाकली. थंड झाल्यावर उचलली, तर खिडकीभर टॉवेलचा एकूणएक फासा उमटलेला, कोपऱ्यात कंपनीच्या नावाच्या पट्टीसकट. ती खिडकी अजून शेडच्या भिंतीवर आहे, बाथरूमला छान दिसेल म्हणून दोघांनी मागितलीसुद्धा. साच्याला फ्लॅनेल लावा.

रॅलीच्या गाडीत बाजूच्या खिडकीला सरकती झडप करावी लागते. ती कुठं असावी हे कागदावर ठरवू नका. सहचालकाला बसवा, हेल्मेट घालून, पट्टे बांधून. टाइम कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या वेळ नोंदवायच्या ठाण्यावर, त्याला टाइम कार्ड मार्शलच्या हातात द्यायचं असतं. झडपेतून त्याचा हात कोपरापर्यंत बाहेर आला पाहिजे. मी एकदा दोन इंच मागं केली होती आणि बिचारा प्रत्येक कंट्रोलला दार उघडत होता.

पॉलिकार्बोनेट काचेपेक्षा खूपच लवचीक आहे. वेगात बाहेरचा दाब कमी होतो आणि खिडकी बाहेर ओढली जाते, वरच्या कडेला फट पडते. तिथं ४ मिलिमीटर वापरा किंवा आतून अॅल्युमिनियमची पट्टी द्या. सीलंट लागलाच तर न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारा नको.

एक गोष्ट मात्र कामाच्या आधी मालकाशी बोलून घ्या. ही खिडकी हातोडीनं फुटत नाही. अपघातात दार अडकलं तर बाहेरचा माणूस काच फोडून आत येऊ शकणार नाही. म्हणून मी निदान एक खिडकी आतून-बाहेरून चटकन निघेल अशा क्लिपांवर बसवतो. पुढची काच मी बदलतच नाही. तिथं लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली काचच राहू द्या. वायपर आणि आपल्याकडची धूळ मिळून प्लॅस्टिकचं चार पावसात दुधी काचेत रूपांतर करतात.

नियम दोन ठिकाणचे. स्पर्धेचे वेगळे: ऐतिहासिक गाड्यांसाठी एफआयए या मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेचं अपेंडिक्स के आहे, त्यात गाडीच्या मूळ होमोलोगेशनच्या, म्हणजे ते मॉडेल स्पर्धेसाठी मंजूर झाल्याच्या कागदांना मान. भारतात एफएमएससीआयच्या, म्हणजे आपल्याकडच्या मोटार स्पर्धांच्या संघटनेच्या स्पर्धेआधी त्या वर्षीची नियमावली मालकाकडून मागून घ्या, त्याच्या तोंडी सांगण्यावर शीट कापू नका. रस्त्याचे वेगळे: मोटार वाहन नियम १०० पुढच्या-मागच्या काचेतून ७० आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड मागतो. उजेड आपल्या शीटमधून भरपूर जातो, पण बाजारातून आणलेल्या साध्या शीटवर प्रमाणित काचेचा शिक्का नसतो. रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला "हलकी करून द्या" म्हणून कुणी आलं तर मी चहा पाजून परत पाठवतो.

पैशाचं विचारतात पोरं, तर खरं सांगतो. नुसत्या या कामावर सोलापुरात घर चालत नाही. वर्षातले सहा-सात महिने मी पॉवरलूमची मशीनगार्ड आणि दुकानांचे काउंटर करतो, तेही याच शीटचे. गाड्यांची कामं पुणे, मुंबई, कोइम्बतूरकडून येतात. पुठ्ठे कुरिअरनं येतात, खिडक्या कुरिअरनं जातात. सुरुवातीला निदान वर्षभर अॅक्रिलिकच्या दुकानात काढा, मग एखाद्या रॅली गॅरेजात पडेल ते काम. इंग्रजी जमेल तितकं वाचायची सवय लावा, शीटच्या कंपनीची माहितीपत्रकं फुकट मिळतात आणि माझ्या अकरा चांदण्यांचं उत्तर त्यातल्याच एका पानावर होतं.

गाडी देताना शेवटचं काम ड्रायव्हरशी. मालक ऐकतो, पण पुसणारा ड्रायव्हर असतो. कोरडा पंचा फिरवायचा नाही, आधी भरपूर पाणी, मग साबणाचा फेस, मग मऊ फडकं. पेट्रोल, थिनर, अमोनियावाला काचेचा स्प्रे यातलं काही लावायचं नाही. मी हे मराठीत छापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतो. फियाटवाल्यांच्या ड्रायव्हरनं तो कागद नीट वाचला, मान डोलावली, आणि त्यावर धूळ बसली होती म्हणून खांद्यावरच्या पंच्यानं कागद आणि खिडकी दोन्ही पुसून काढली.