माझी सगळी माणसं डावीकडेच बघायची

पुण्यातल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी बारा व्यंगचित्रं टेबलावर पसरली आणि चहा येईपर्यंत काहीच बोलले नाहीत. मग कपात बघत म्हणाले, "तुमच्या सोलापुरात डावीकडं काय आहे हो?"

मला कळेना. ते चित्रांवरून बोट फिरवत गेले. हा डावीकडे बघतोय. ही पण. हा पोलीस, हा पुढारी, ही भाजीवाली, सगळे डावीकडे. बारा चित्रांत मिळून एकवीस माणसं, त्यांतली वीस डावीकडे तोंड करून उभी आणि उरलेलं एक पाठमोरं. "आणि हात कुठायत?" हात खिशात होते, पाठीमागे होते, टेबलाखाली होते, उपरण्यात गुंडाळलेले होते.

"ती माझी स्टाइल आहे," मी म्हणालो. वय वर्षं चोवीस.

बाराच्या बारा चित्रं घेऊन मी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसला बसलो. दौंडपर्यंत त्या संपादकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. कुर्डुवाडी आली तोवर शिव्या संपल्या होत्या. पिशवीतून कागद काढून समोरच्या बाकावर झोपलेल्या माणसाचा हात काढायला घेतला आणि जे उमटलं ते केळीच्या फण्यासारखं दिसत होतं.

हे सगळं सांगतोय कारण नवीन मुलं मला हमखास एकच प्रश्न विचारतात: स्वतःची शैली कधी सापडते? तुम्ही चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेली आहे, प्रमाणबद्धता वगैरे माहीत आहे, दोन-चार चित्रं कुठंतरी छापून आलीत, असं धरून चालतो. पेन्सिल कशी धरायची ते सांगत बसणार नाही. मी ज्या खड्ड्यात पडलो तो मात्र नीट दाखवतो, कंटाळा आला तरी वाचा.

उजव्या हातानं काढणाऱ्याला डावीकडे बघणारा चेहरा सोपा जातो. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी ही रेषा मनगटाच्या ओघात उतरते. तोच चेहरा उजवीकडे वळवायचा म्हटलं की हात अडतो, नाक भलतीकडे जातं. आत्ता एका कागदावर दोन्ही काढून बघा. डावखुऱ्यांचं बहुधा उलट होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हाताची ठेवणच तशी आहे. घोटाळा पुढे होतो. सोपं जातं तेच आपण पुन्हा पुन्हा काढतो, पुन्हा पुन्हा काढल्यानं ते सफाईदार होतं, सफाई दिसली की कुणीतरी म्हणतं, "तुझं चित्र लांबूनच ओळखू येतं बे!" आणि आपण खूश. मला चार वर्षं लोक असं म्हणत होते. ते खोटं बोलत नव्हते, ओळखू येतच होतं. पण जे ओळखू येत होतं ती माझ्या न जमणाऱ्या गोष्टींची झाकपाक होती.

आता याचा विनोदावर काय परिणाम होतो ते बघा, हे फार कुणी सांगत नाही. दोन माणसं बोलताहेत असं साधं व्यंगचित्र घ्या. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आधी बोलणारा डाव्या बाजूला लागतो, आणि समोरच्याशी बोलायचं तर त्यानं उजवीकडे बघायला हवं. माझा तो माणूस उजवीकडे बघूच शकत नव्हता. मग मी त्याच्या तोंडापुढे पेपर धरायचो, नाहीतर त्याला पाठमोरा बसवायचो. नंतर नंतर तर मोबाइलवर एकट्यानंच बोलणारा माणूस काढू लागलो. हातांचंही तेच. पाकीट सरकवणारा हात नको म्हणून लाच गेली. हार घालणारे हात नकोत म्हणून सत्कार गेले. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात राहून मी नळावरच्या रांगेचं एक चित्र काढलं नव्हतं, कारण घागरीच्या गळ्याभोवतीची बोटं मला येत नव्हती! सुचलेलं निम्मं मी डोक्यातच मारत होतो आणि मला वाटायचं, सुचतच नाहीये.

त्यावर मी आधी शॉर्टकटच शोधला. संगणकात चित्र आडवं उलटवायचं. डावीकडे बघणारा काढायचा, एक बटण दाबायचं, उजवीकडे बघणारा तयार. महिनाभर मजेत गेला. मग एका वाचकानं कळवलं की तुमच्या साहेबांच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर आहे आणि काकूंचा पदर उजव्या खांद्यावर. घड्याळही उजव्या मनगटात. ज्या साप्ताहिकात ते छापलं होतं त्यांना यातलं काही दिसलं नाही. चित्राचे पैसेही त्यांनी अजून दिलेले नाहीत, पण तो विषय वेगळा. उलटवायचंच असेल तर तपासणीसाठी उलटवा: कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरा. उलट्या बाजूनं चेहरा कलंडलेला दिसला की चूक लगेच कळते.

तर आज रात्री एवढं करा. आपली शेवटची वीस चित्रं कपाटातून बाहेर घ्या आणि त्यात काय काय नाही त्याची यादी करा. पावलं गवतात लपलीत का? सगळे तरुण आहेत का? बायका फक्त एकाच चित्रात, त्याही पाठमोऱ्या? कुणी खाली बसलेलंच नाही? ही यादी वाचताना पोटात खड्डा पडतो. माझी सतरा गोष्टींची झाली होती. घाबरू नका, बहुतेकांची एवढीच होते, आणि ती कमी होते. हळू कमी होते.

यादी केली की वही लागते. महागडी स्केचबुकं घेऊ नका. मी जानेवारीत मागच्या वर्षीच्या डायऱ्या गोळा करतो. सुताच्या व्यापाऱ्यांकडे, औषधवाल्यांकडे पडून असतात. फुकटच्या कागदावर हात घाबरत नाही. बॉलपेन वापरतो, म्हणजे खोडायचा मोह नको. पान फाडायचं नाही, फाडलेलं पान म्हणजे स्वतःशीच केलेली लबाडी. रोज वीस मिनिटं, कोपऱ्यात तारीख आणि जागा. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या १९४९ ते १९५१ या काळातल्या चित्र-डायऱ्या बघायला मिळाल्या तर बघा. नाव होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी गोव्यातली शेजारपाजारची माणसं पानापानांवर भरून ठेवली होती.

जागा म्हणाल तर एसटी स्टँड. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याची गाडी लागेपर्यंत माणूस एका जागी असतो पण स्थिर नसतो, हे आपल्या कामाचं. एकदा पिशवीवर डोकं टेकून झोपलेल्या आजोबांना काढत होतो. ते कधी जागे झाले कळलंच नाही. वही ओढून घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "नाक हाय तसंच हाय. पर पिशवी माझी न्हाई, ती ह्या बाईची." मी पिशवीचा बंद त्यांच्या हातात दाखवला होता. खरं तर त्यांचा हात बंदाला लागलेलाही नव्हता. बघून काढतो असं म्हणत मी सवयीनंच काढत होतो. बायकांचं स्केच करताना मात्र जपून. टक लावून बसू नका, एकदा बघा, मान खाली घाला, आठवणीतून काढा. सभ्यपणाही राहतो आणि स्मरणशक्तीलाही काम मिळतं.

हात मला शिकवले ते आमच्या शेजारच्या अक्कांनी. त्या विड्या वळतात. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी हे काम चालतं, मी लहानपणापासून बघत आलोय, म्हणजे बघत नव्हतोच. मांडीवर सूप, ओलसर तेंदूची पानं, मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, आणि मग दोन्ही अंगठे एकाच वेळी पुढे सरकतात. पान गुंडाळलं जातं, तोंड दुमडतं, दोऱ्याचा वेढा बसतो. सगळं मी "अक्का, जरा थांबा" म्हणेपर्यंत संपलेलं. त्या काही थांबत नाहीत. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यांना थांबून चालत नाही.

पहिले आठ-दहा दिवस माझ्या वहीत नुसता गुंता. मग मी बोटं काढायचं सोडून दिलं. आधी तळव्याचा चौकोन, मग अंगठ्याचा उंचवटा, मग चार बोटांचा मिळून एक पंखा आणि शेवटी बोटांमधल्या फटी, तेवढ्याच. महिन्याभरानं एक पान जरा बरं वाटलं म्हणून अक्कांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "ह्या हातानं विडी सुटंल की रे. अंगठा झोपलाय."

अंगठा झोपलाय! शरीरशास्त्राचं जाड पुस्तक मी विकत घेतलं होतं, त्यात हे नव्हतं. तेव्हापासून मी हात सुंदर आहे का हे बघत नाही. या हातानं ते काम होईल का, एवढंच बघतो.

अख्ख्या शरीराचा तोल समजायला जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी मिरवणुकीच्या वाटेवर उभे राहा. सिद्धेश्वरांचे मानाचे सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस तो उंच ध्वज तोलत चालतो तेव्हा त्याच्या मानेपासून टाचेपर्यंत एक रेष दिसते. ती एक रेष आधी ओढा, कपडे नंतर. चेहरा नाही काढला तरी चालेल. गर्दीत धक्के बसतात, रेष हलते, हलू द्या.

आता गुरूंबद्दल. माझे मास्तर साइनबोर्ड रंगवायचे. मूळचे पंढरपूरचे एम. एफ. हुसेनही मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते, हे ते दर आठवड्याला सांगायचे. रेष खांद्यातून कशी येते, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पण "रोज शंभर चेहरे काढ" हा त्यांचा मंत्र मी देवाज्ञा मानून दोन वर्षं पाळला, आणि ते सगळे चेहरे कुठे बघत होते हे तुम्हाला माहीतच आहे. मास्तर चुकले नव्हते, मी चेहरे मोजत होतो. माझं मत असं की गुरू असावा, पण तो दुसऱ्या गल्लीत राहावा. रोज शेजारी बसणारा गुरू तुमचा हात स्वतःसारखा करून टाकतो.

आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयानं प्रवेश नाकारला ही गोष्ट प्रत्येक नवशिक्याला पाठ असते, कारण ती आपल्याला सोयीची आहे. त्याच लक्ष्मण यांनी लहानपणी खिडकीतून दिसणारी वाळकी पानं, काटक्या, लाकडं फोडणारे नोकर आणि छपरावरचे कावळे काढून वह्या भरल्या, ते कुणी सांगत नाही. त्यांची चित्रं गिरवा, जरूर गिरवा, मीही गिरवली. फक्त कॉमन मॅनचा चौकड्यांचा कोट गिरवू नका, तो गर्दीत कुठं उभा आहे आणि कुणाकडे बघतोय ते गिरवा. शि. द. फडणीसांची शब्दांविना असलेली चित्रं समोर ठेवून कागदाच्या कपट्यानं एकेक भाग झाका. कुठला भाग झाकला की विनोद मरतो ते बघा. 'सात दिवसांत कार्टूनिस्ट' छाप व्हिडिओंपेक्षा ही तासभराची करमणूक बरी. आणि टॅबलेटवर काढत असाल तर रेष आपोआप गुळगुळीत करणारी सोय सहा महिने बंद ठेवा. रेष थरथरेल. थरथरू द्या, निदान तुमची असेल.

साहित्याचं थोडक्यात. वॉटरप्रूफ इंडिया इंक फाउंटन पेनात भरू नका, त्यातल्या लाखेनं पेन कायमचं बसतं. माझी दोन गेली. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे निबवर शाई वाळते आणि तळहाताच्या घामानं कागद फुगतो. हाताखाली टीपकागद ठेवा, किंवा सरळ पहाटे काढा.

पैशाचं विचाराल तर नोकरी सोडू नका. मी सोडली होती, अकरा महिन्यांनी पुन्हा धरली. दिवाळी अंकांना चित्रं पावसाळ्यातच पाठवावी लागतात, ऑक्टोबरात पाठवून "उत्तर आलं नाही" म्हणत रडू नका. नकार आला तर मात्र खुशाल रडा, त्यात काही वाईट नाही. मी अजूनही नकाराचं पाकीट लगेच उघडत नाही, जेवण झाल्यावर उघडतो.

त्या संपादकांना तीन वर्षांनी पुन्हा चित्रं पाठवली, सहा. त्यांतली दोन घेतली. एकात नळावरची रांग होती. सोबतच्या चिठ्ठीत हातांबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, याचाच मला जास्त आनंद झाला. हल्ली कुणीकुणी म्हणतात की तुझ्या माणसांचे हात जरा मोठे असतात, ती तुझी खूण आहे. असेल. मला अजून त्यांत झोपलेले अंगठे दिसतात.

मागच्या आठवड्यात पुन्हा शेवटची वीस चित्रं समोर घेऊन यादी केली. सतराची चार झालीय. पण त्यात एक नवीनच निघालं: सायकल. गेल्या दीड वर्षात माझ्या चित्रात एकही माणूस सायकलवर बसलेला नाही. सगळे चालताहेत, नाहीतर रिक्षात. दोन चाकं, मधे ती तिरकी दांडी आणि पायडलवरचा पाय, विचार केला तरी हात आखडतो. उद्या सकाळी सातला शाळा भरायच्या वेळी पार्क चौकात जाऊन उभा राहणार आहे. डायरी काढून ठेवलीय, २०२३ सालची, एका औषध कंपनीची.