कंबर धरलेला कामगार परत येताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, सुपरवायझर असताना एक वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवलं: "पूर्ण बरा हो, मगच ये." मायेनं म्हणायचो, पण सगळ्यात मोठी चूक तीच होती. पूर्ण बरं वाटायची वाट बघत माणूस महिनाभर अंथरुणाला खिळतो, मग चप्पल घालायला वाकायलाही भितो. साधी कंबरदुखी, म्हणजे हाड मोडलेलं नाही, शीर दबलेली नाही अशी, दहातल्या नऊ जणांची असते. तिला हिंडणंफिरणंच मानवतं. थोडं दुखत असतानाही कामावर येता येतं.

पण आल्या दिवशीच जुन्या वजनाला लावायचं, ही दुसरी चूक. आणि 'लाइट ड्युटी' म्हणून गेटजवळ आठ तास स्टुलावर बसवून ठेवायचं, ही तिची बहीण. बसूनही कंबर आखडतेच, वर चारचौघांत शरम वाटते ती वेगळी. त्यापेक्षा त्याचंच काम सोपं करा. मोल्डिंगची, म्हणजे साच्याची, पेटी दोघांनी उचलायची, कास्टिंग (ओतलेला भाग) जमिनीवर न टाकता कमरेएवढ्या स्टँडवर ठेवायचं, पहिला आठवडा अर्धी शिफ्ट. बेळगावातल्याच वडगाव-खासबागच्या विणकराला मागावर खरी अडचण बीम, म्हणजे सुताचा जड रूळ, चढवताना येते. तेवढ्यापुरता शेजारचा हात मिळाला तर बाकी माग त्याला चालवता येतो. निपाणीच्या विडी कामगार बाईला वजन नाही, पण मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बैठक आहे. अर्ध्या तासाने उठ म्हणणं सोपं. मजुरी हजार विड्यांवर, उठलं की विड्या कमी. म्हणून सुरुवातीचे आठवडे किती विड्या चालतील, हे आधीच ठरवावं लागतं.

डॉक्टरला काम न सांगता 'फिट' सर्टिफिकेट मागू नका. किती किलो, दिवसात किती वेळा, वाकून की उभ्यानं, हे कागदावर लिहून द्या. कॅनडातल्या शेरब्रुकच्या प्रयोगात (१९९७) उपचारांबरोबर कामाच्या जागेतही बदल केले, तेव्हा माणसं नेहमीच्या उपचारांपेक्षा २.४ पट लवकर आपल्या कामावर परतली.

एमआरआयच्या कागदावरचं 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली चकती फुगलेली, हे वाचून घाबरू नका. कसलंही दुखणं नसलेल्या पन्नाशीतल्या शंभरात साठ जणांना तो दिसतो. कमरेच्या पट्ट्याचंही तसंच. बांधला म्हणून जास्त वजन उचलायचं लायसन मिळत नाही.

ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, असेल तर कागद वेळेवर द्या. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो आणि तो चालू असताना कामावरून काढता येत नाही. हे माहीत नसल्यानं भीतीपोटी दुखणं लपवणारे मी पाहिलेत.

मात्र लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. तापासोबत किंवा पडल्यानंतर कंबर दुखत असेल, वजन उगाच घटत असेल, तरी कामाचं नंतर बघू, आधी तपासणी.

दुसऱ्या आठवड्यात माणूस हमखास येऊन सांगतो, "अजून दुखूलंय." लगेच घरी धाडू नका. दोन दिवस वजन कमी करा, शिफ्ट तीच ठेवा, आणि कुठल्या हालचालीला चमक येते ते त्याच्या शेजारी उभं राहून बघा.