पाण्याच्या दिवशी भेटीला जाऊ नका

सोलापूरच्या पूर्व भागात आशा स्वयंसेविका म्हणून मला नऊ वर्षं झाली. नव्या ताई आल्या की पहिलं विचारतात, रजिस्टर कसं भरायचं? ते गटप्रवर्तक, म्हणजे आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या ताई, शिकवतात, महिन्याभरात हात बसतो. मी त्यांना उलट विचारते, तुमच्या गल्लीत पाणी कधी येतं?

आपल्याकडे नळाला ४-५ दिवसांनी पाणी. त्या दिवशी अख्खं घर हंड्या-बादल्यांच्या मागे असतं, लोहाच्या गोळ्यांचं कोण ऐकणार? सकाळी बायका विड्या द्यायला कारखान्यात जातात. दुपारी मात्र मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी विड्या वळत बसतात. हात गुंतलेले, तोंड मोकळं. तेव्हा शेजारी टेकायचं आणि आधी ऐकायचं. इथं बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात आणि मला ते येत नव्हतं; 'दग्गु' म्हणजे खोकला, 'ज्वरम' म्हणजे ताप, हे दोन शब्द पहिल्या आठवड्यात शिकले. कानडी घरात खोकल्याला 'केम्मु' म्हणतात.

तंबाखूच्या धुळीनं खोकला यायचाच, असं म्हणून बायका तो अंगावर काढतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन दिसलं की थुंकीच्या तपासणीला न्या. क्षयरोग निघाला तर सरकारी औषधं मोफत मिळतात, पण साधारण सहा महिने घ्यावी लागतात. दोन महिन्यांत बरं वाटतं आणि माणूस गोळ्या सोडतो, म्हणून तिसऱ्या महिन्यात माझ्या फेऱ्या वाढतात.

डेंगीच्या दिवसांत 'पाणी साठवू नका' असं कुणाला सांगू नका. पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरानं करायचं काय? अळीचा डास व्हायला आठवडाभर लागतो. पिंपाला जुन्या साडीचं कापड घट्ट बांधा आणि नवं पाणी भरण्याआधी पिंप आतून घासा, एवढं सांगा. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

सगळ्यात जपायचं काम नवजात बाळाचं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी गृहभेट. माझ्या दुसऱ्या वर्षी एका घरी सातव्या दिवशी आजी म्हणाल्या, आत्ताच झोपलंय, उठवू नका. मी त्यांचा मान राखला आणि वजन न करताच परतले. चौदाव्या दिवशी दुपटं सोडलं तर बाळ सुकलेलं, पाय गार, दूध ओढत नव्हतं. श्वास मिनिटाला ६० च्या वर. १०२ ला फोन करून सिव्हिलला नेलं. बारा दिवसांनी ते घरी आलं, आता शाळेत जातं. पण मधला तो आठवडा माझ्यामुळे वाया गेला, हे मी विसरलेले नाही. आता झोपलेलं बाळही उघडून बघते. आधी आजीसमोर हात धुते, काटा टांगते आणि म्हणते, 'अक्का, झोळीत तुम्हीच ठेवा.' त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवलं की कुरकुर राहत नाही.

पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते; कुणाचं माहेर तेलंगणात, कुणाचं कलबुर्गीकडे. रजिस्टरात 'बाहेरगावी' लिहून मोकळ्या होऊ नका. तिच्या आईचा मोबाईल नंबर घ्या, माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याच पिशवीत टाका आणि भेटीच्या दिवशी फोन करा.

पैशाचं स्पष्ट सांगते. हा पगार नाही, मोबदला आहे, आणि तो उशिरा येतो. त्यावर घरचा हप्ता बांधू नका. एवढ्या जबाबदारीच्या कामाला पगार नसावा हा अन्याय आहे. मी बैठकीत तसं उठून बोलते, तुम्हीही बोला.

आणि सेकंदकाट्याचं घड्याळ स्वतःचं घ्या. बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची नाही. बाळ रडत असेल तर शांत होईपर्यंत थांबा. आकडा ६० किंवा वर गेला तर पुन्हा एकदा मोजा, आणि दुसऱ्यांदाही ६० किंवा वर आला तर घरच्यांची वाट न बघता गाडी बोलवा.