चित्रसंतेत चित्रं विकायची असतील तर

जानेवारीतल्या एका रविवारी बंगळुरूचा कुमारकृपा रोड गाड्यांना बंद करतात आणि अख्ख्या रस्त्यावर चित्रकार बसतात, ती कर्नाटक चित्रकला परिषदेची चित्रसंते (संते म्हणजे कन्नडमध्ये बाजार). १०० रुपयांच्या स्केचपासून लाखाच्या कॅनव्हासपर्यंत सगळं रस्त्यावरच. आपल्याकडून जायचं असेल तर अर्ज आधीच भरावा लागतो, त्यामुळे दिवाळीपासून परिषदेच्या घोषणांवर लक्ष ठेवा आणि अर्ज मंजूर झाला की लगेच तिकीट काढा, मुंबई-पुण्याहून उद्यान एक्सप्रेस थेट जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय न्यायचं. गर्दी प्रचंड असते, माणूस चालत चालत बघतो, हातात पोरगं असतं आणि त्याला मेट्रोने नाहीतर बाइकवर घरी जायचं असतं, मग तुमचं चार फुटी चित्र कितीही आवडलं तरी तो नेणार कसा? म्हणून ए४ आणि ए५ साइजची कामं भरपूर ठेवा, माउंट करून प्लास्टिकच्या पाकिटात. मोठी दोन-तीनच न्या, ती लांबून लोकांना ओढून आणायला. काचेच्या फ्रेम अजिबात नको, प्रवासात फुटतात आणि उन्हात चमकून चित्रच दिसत नाही. मोठा कॅनव्हास फ्रेमवरून काढून रोल करून न्यायचा, पण रंगाची बाजू बाहेर ठेवून, आत ठेवली तर उलगडताना रंगाला चिरा पडू शकतात. ऑइलचं ताजं काम नेऊच नका, वरून कोरडं वाटलं तरी आत ओलं असतं.

प्रत्येक चित्रावर किंमत लिहा. प्रत्येक! बरेच कलाकार लिहीत नाहीत, त्यांना वाटतं गिऱ्हाईक विचारेल, पण साधा माणूस विचारायलाच लाजतो, परवडणार नाही असं स्वतःच ठरवून पुढे जातो, आणि तोच माणूस कदाचित आयुष्यातलं पहिलं चित्र घ्यायला आलेला असतो. त्याच्यासाठी तर ही संते आहे. प्रिंट असेल तर प्रिंट असं स्पष्ट लिहा, ओरिजिनल म्हणून खपवू नका.

घासाघीस होणारच. दोन चित्रं घेतली तर थोडं कमी करा, पण एकाच चित्राचा भाव संध्याकाळी अर्ध्यावर आणू नका, दुपारी पूर्ण पैसे देऊन गेलेल्या माणसावर तो अन्याय आहे. आणि उरलेलं चित्र नासत नाही, परत नेता येतं.

बाकी सामान म्हणजे टोपी, पाणी, सुतळी, चिमटे, इझलच्या, म्हणजे चित्र ठेवायच्या स्टँडच्या, पायाला बांधायला वाळूच्या पिशव्या (वारा सुटला की इझल आडवं होतं), क्यूआर कोडची मोठी छापील प्रत, आणि सुट्टे पैसे हवेतच कारण गर्दीत नेटवर्क कधीही जातं. सोबत एक माणूस असला तर बरं, नाहीतर जेवायला उठायचं कसं.

शेजारी बसून काहीतरी काढत राहा, हात चालताना दिसला की लोक थांबतात, बोलतात. ऑर्डर द्यायची म्हणाले तर वहीत नाव, नंबर, साइज, तारीख लिहून घ्या, भिंतीचा फोटो मागवा आणि निम्मे पैसे आल्याशिवाय कॅनव्हास ताणू नका.