महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताय? या चुका टाळा

कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळतोय. दरवर्षी मुलं नवी येतात, चुका मात्र त्याच घेऊन येतात. या चुकांचा फटका ज्याला बसतो, तो बहुतेक वेळा एक हप्ताही बुडणं न परवडणारा विद्यार्थी असतो, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. ज्याच्या घरी सोयाबीन विकल्यावर कॉलेजच्या फीचा विचार होतो, त्याचा अर्ज एका चुकीच्या पर्यायामुळे अडकला की घरात उसनवारी सुरू होते. पात्र असूनही पैसे न मिळालेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"सर, आधार लिंक आहे"

या वाक्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलची, रक्कम तुम्ही दिलेल्या पासबुकाच्या झेरॉक्सवरून येत नाही, ती आधार क्रमांकावरून येते. एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे, एक नोंद असते, तिला मॅपर म्हणतात. कोणत्या आधार क्रमांकाचे सरकारी पैसे कोणत्या बँकेत टाकायचे, हे त्या नोंदीवरून ठरतं. एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते, आणि ती शेवटी जोडलेली असते.

खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि ते खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीड झालेलं, म्हणजे त्या मॅपरमध्ये नोंदलेलं असणं वेगळं. पहिलं केवायसीसाठी, म्हणजे बँकेने ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी होतं, दुसऱ्यासाठी तुमची वेगळी संमती लागते. बँकेत गर्दीच्या वेळी विचारलंत तर काउंटरवरून "हो, आहे लिंक" असं उत्तर मिळतं, आणि केवायसीपुरतं ते खरंही असतं.

डिप्लोमाची एक विद्यार्थिनी होती. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत तिचा अर्ज मंजूर झाला, पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचं दिसत होतं, पण पासबुकात एक रुपया नव्हता. वडील गावाहून येऊन बँकेत जात, बँक त्यांना कॉलेजकडे पाठवी, आम्ही पोर्टल दाखवत असू. मेसचे पैसे थकले तशी ती मुलगी घरी निघून जायच्या गोष्टी करू लागली. शेवटी आधारच्या साइटवर सीडिंगची स्थिती उघडली, तर तिथे भलत्याच बँकेचं नाव. मग तिला आठवलं, की नवं सिमकार्ड घेताना दुकानदाराने मशीनवर दोनदा अंगठा घेतला होता. दुसऱ्या अंगठ्यात तिचं एक पेमेंट खातं उघडलं गेलं होतं आणि मॅपरमधली बँकही बदलली होती. भत्ता त्या खात्यात पडून होता. पैसे मिळाले, पण तोवर तिच्या वडिलांनी व्याजाने रक्कम उचलली होती.

तेव्हापासून अर्ज हातात घेण्याआधी मी विद्यार्थ्याला माय आधारच्या साइटवर लॉगिन करायला लावतो. ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडायचं. बँकेचं नाव आणि ते सीडिंग चालू आहे की नाही, दोन्ही दिसतं. नाव हव्या त्या बँकेचं नसेल, तर आपल्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा आणि शिक्का मारलेली पोच घ्यायची. थोड्या दिवसांनी पुन्हा साइट बघायची, कारण फॉर्म देणं आणि नोंद बदलणं यात वेळ जातो. बँकेची शाखा लांब असेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातंही चालतं. आणि पैसे हातात पडेपर्यंत कुठल्याही ॲपवर किंवा दुकानात नवं खातं उघडायचं नाही. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर ते काम याच्याही आधी करून घ्या, नाहीतर ओटीपीच येणार नाही.

खातं बराच काळ न वापरल्याने बंद पडलं असेल तर बँकेत केवायसी पुन्हा करून ते चालू करून घ्या. केवायसी पूर्ण न करता उघडलेल्या लहान खात्यात वर्षभरात एकूण १ लाख रुपयांपेक्षा जास्त जमा होत नाही, हेही माहीत असू द्या.

कॅफेवाल्यावर सोडलेला अर्ज

ही दुसरी चूक, आणि तिची मला पहिलीपेक्षाही जास्त चीड येते. नेट कॅफेत जाण्याला माझा विरोध नाही. सगळ्यांकडे कॉम्प्युटर नसतो, मोबाइलवर कागद अपलोड करताना डोळे दुखतात. पण कागदांची पिशवी कॅफेत ठेवून "भरून ठेवा, संध्याकाळी पावती नेतो" म्हणणं म्हणजे स्वतःच्या वर्षाच्या फीची जबाबदारी अशा माणसावर टाकणं, ज्याला तुमच्या कोर्सचं नावही नीट ठाऊक नाही.

एका मुलाच्या बाबतीत हेच घडलं. इंजिनिअरिंगला कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, रीतसर प्रवेश, घरचं उत्पन्न मर्यादेत, सगळे दाखले तयार. कॅफेत अर्ज भरताना 'कॅपमार्फत प्रवेश' या प्रश्नापुढे 'नाही' निवडलं गेलं आणि अलॉटमेंट लेटर जोडलंच गेलं नाही. आमच्याकडून अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला गेला. पोर्टलचा मेसेज गेला कॅफेवाल्याच्या नंबरवर, कारण मोबाइल आणि ईमेल दोन्ही त्याचेच टाकलेले. त्याच्या फोनवर तसे ढीगभर मेसेज पडलेले असणार. आम्ही सूचना फलकावर यादी लावली, पण मुलाकडे 'अर्ज यशस्वी' असं लिहिलेली प्रिंट होती, त्यामुळे त्याने यादी पाहिलीच नाही. परीक्षेचा फॉर्म भरताना थकबाकी निघाली तेव्हा तो टेबलाशी आला. युजरनेम विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. दुरुस्तीची मुदत केव्हाच संपली होती. वडिलांनी त्या वर्षीची पूर्ण फी उसनवारी करून भरली. त्या मुलाची पात्रता शंभर टक्के होती, हे आजही डोक्यातून जात नाही.

कॅफेत जायचंच असेल तर त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. मोबाइल नंबर तुमचा, ईमेल तुमचा. युजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहा आणि घरी एकाला सांगून ठेवा. त्याच दिवशी सबमिट करू नका. अर्ज सेव्ह करून घरी या, दाखले समोर ठेवून एकेक रकाना वाचा: कोर्सचं नाव, वर्ष, प्रवेशाची तारीख, प्रवर्ग, कॅप, फीची रक्कम. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघितलं की चूक दिसते. मुलांना ही सवय कंटाळवाणी वाटते, पण ज्यांनी ती लावून घेतली त्यांचे अर्ज माझ्या टेबलावरून परत गेल्याचं मला आठवत नाही.

पासवर्ड विसरला म्हणून दुसरं प्रोफाइल काढू नका. एका विद्यार्थ्याची दोन प्रोफाइलं झाली की दोन्ही अडकतात.

सबमिट झालं म्हणजे झालं, हा समज

अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे येतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून त्या त्या विभागाच्या अधिकाऱ्याकडे. प्रत्येक टप्प्यावर तो परत येऊ शकतो. आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि लॉगिन करून स्थिती बघा. परत आला असेल तर शेरा आधी पूर्ण वाचा. घाईत तोच कागद पुन्हा चढवून पाच मिनिटांत सबमिट करणारे खूप असतात. शेऱ्यात 'उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट' असेल तर तोच धूसर फोटो दुसऱ्यांदा पाठवून काय होणार? नीट स्कॅन करा. फाइल २५६ केबीच्या आत बसवताना अक्षरं वाचता येतात ना, हे झूम करून तपासा.

उत्पन्नाचा दाखला

तहसीलदारांचाच लागतो. तलाठ्याचा अहवाल हा दाखला मिळवण्यासाठीचा कागद आहे, तो अर्जाला जोडून चालत नाही. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला तारीख न बघता जोडू नका. मिळत असेल तर तीन वर्षांचाच काढा, पुढचे दोन हेलपाटे वाचतात. आणि तो निकाल लागायच्या आधी काढा. जुलैमध्ये सेतू केंद्रात अख्खा तालुका उभा असतो.

उत्पन्न कमी दाखवून दाखला काढून देतो म्हणणारे दलाल भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. खोट्या दाखल्यावर घेतलेली रक्कम वसूल होते, गुन्हाही दाखल होऊ शकतो. आणि तो पैसा कुणाच्या तरी हक्काचा असतो. अशा अर्जासाठी माझ्याकडे शब्द टाकायला येणाऱ्या पालकांना मी सरळ नाही म्हणतो.

चुकीची योजना

शेजारच्याने जी भरली ती आपणही भरायची, असं करू नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा २.५ लाख आहे. त्यापेक्षा जास्त उत्पन्न असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी माफीची योजना, बघायची. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला मर्यादा ८ लाख आहे, शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते आणि एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अजूनही काही पालक मुलीची निम्मी फी भरून जातात, त्यांना परत बोलावून सांगावं लागतं. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलात तर हे लाभ विसरा. प्रवेश घेण्याआधीच हा हिशोब मांडा, नंतर रडून उपयोग नाही.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. फी माफीच्या गडबडीत राहण्या-जेवणाच्या या योजनांकडे कुणाचं लक्षच जात नाही.

बारावीला चांगले गुण असतील तर केंद्राची सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्तीही बघा. तिचा अर्ज महाडीबीटीवर होत नाही, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर होतो. उत्पन्न मर्यादा ४.५ लाख, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये. मात्र दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी माफी घेत असाल तर ही मिळत नाही, तेव्हा कशात जास्त फायदा आहे ते बसून ठरवा.

आणखी थोडं

आधार आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर अर्जाच्या आधी आधार दुरुस्त करा.

शिक्षणात खंड असेल तर गॅपचं शपथपत्र जोडा.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करा. प्रवेशाच्या तोंडावर धावणाऱ्यांचे हाल बघवत नाहीत.

दुसऱ्या वर्षी अर्ज आपोआप पुढे जात नाही. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

लॉगिनमध्ये 'रिडीम' (मंजूर रक्कम स्वीकारण्याचा पर्याय) दिसत असेल तर ते करा, त्याशिवाय रक्कम हलत नाही.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फी असते. त्यातून मोबाइल घेतलेले विद्यार्थी परीक्षेच्या वेळी थकबाकीत सापडतात. रक्कम आली की फी भरा आणि पावती जपून ठेवा.

शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. त्या दिवशी सर्व्हर रेंगाळतो, ओटीपी उशिरा येतो, आणि आमच्याकडेही एकेक अर्ज नीट बघायला वेळ उरत नाही.

अर्ज अडकलाच तर कार्यालयात येताना अर्जाचा आयडी, परत आलेल्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट, सीडिंगच्या स्थितीची प्रिंट आणि मूळ दाखले घेऊन या, आणि विद्यार्थ्याने स्वतः या. आधारचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो वडिलांच्या खिशात असेल, तर त्या दिवशी तो मागून आणा.