तांबीच्या जागी कांडी: कानांचं काम करणारं कुत्रं थकतं तेव्हाची तयारी

आपल्याला ऐकू येत नाही म्हणून जे कुत्रं आवाज कळवतं, त्याला अजून ऐकू येतं का, हे नव्या पिल्लाचा शोध सुरू करण्याआधी तपासा. ज्याला नीट ऐकू येतं अशा कुणाला तरी घरी बोलवा आणि तुमचं कुत्रं झोपलेलं असताना त्याच्या पाठीमागं उभं राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवायला सांगा. अगदी जवळून नको आणि पायही आपटायचा नाही, कारण फरशीतून हादरा बसला की कुत्रं उठतं आणि आपली फसगत होते.

बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर २२ वर्षं काढली, त्यात माझे कान गेले. दारावर कुणी आलं, कुकरची शिट्टी झाली, नळाला पाणी आलं, की माझी कुत्री तांबी नाकानं गुडघ्याला ढोसायची आणि मला तिथवर घेऊन जायची. मागच्या वर्षी सिलिंडरवाला तीनदा परत गेला, एकदा कुकरमधलं पाणी आटून डाळ करपली. मी तिलाच रागावले, आळशी झालीस म्हणून. मग शेजारच्या अक्कांच्या मुलीनं किल्ल्या वाजवून बघितल्या. तांबीचा कानसुद्धा हलला नाही. पोरीनं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. आपल्याला ऐकू येत नसेल तर आपल्या कुत्र्याला ऐकू येईनासं झालंय, हे सगळ्यात शेवटी आपल्यालाच कळतं. म्हणून कुत्र्याला आठवं वर्ष लागलं की दर तीन महिन्यांनी ही परीक्षा घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

त्यानंतर जनावरांचे डॉक्टर. कानात मळ साठला असेल किंवा संसर्ग असेल तर औषधानं फरक पडतो. वयामुळं आलेला बहिरेपणा मात्र जात नाही. त्याच फेरीत डोळे, दात, मागचे पाय, रक्त आणि लघवी तपासून घ्या. सांधे दुखतात म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कधीही देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेततं. आमच्याकडं शहाबादी फरशी, पावसाळ्यात कायम ओलसर. उठताना तांबीचे मागचे पाय घसरायचे. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जुन्या सतरंज्या अंथरल्या आणि चारच दिवसांत ती पुन्हा न कचरता चालायला लागली.

पिल्लू भरवशानं कामाला लागायला दीड-दोन वर्षं जातात. तोवरची सोय आधी लावा: बेल दाबली की लुकलुकणारा दिवा, उशीखाली थरथरणारं घड्याळ. कुकर लावला की घड्याळ समोर ठेवून तिथंच बसायचं, दुसऱ्या कामाला उठायचं नाही.

निवडताना जात बघत बसू नका, ताट पाडा. पिल्लं खेळत असतील तिथून थोड्या अंतरावर स्टीलचं ताट पाडायचं. जे कोपऱ्यात जाऊन बसतं आणि बाहेरच येत नाही ते नको, ज्याला पत्ताच लागत नाही तेही नको. दचकून मागं सरतं आणि मग काय पडलं म्हणून हुंगायला येतं, ते आपलं. पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं पिल्लू असेल तर कान जास्त काळजीनं तपासा. अशांत जन्मजात बहिरेपणा जास्त आढळतो. माझी कांडी खानापूरकडच्या एका गोठ्यातली, गावठीच. आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नका. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, पुढं दरवर्षी. बाकीच्या लसी आणि गोचिडांचं औषध डॉक्टरांना विचारून.

आणायची वेळही बघा. गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर नको. बेळगावातलं विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. त्या ढोल-फटाक्यांची भीती लहानपणी मनात बसली तर निघता निघत नाही, आणि आवाजाला भिणारं कुत्रं या कामाला येत नाही.

आता शब्द. घरात मराठी, गल्लीत कानडी, त्यामुळं आमचा घोळ दुहेरी. शिकवायला येणारी पोरगी कानडीत म्हणणार ‘कुंद्रु’, मी त्यालाच म्हणणार ‘बस’. बरं, स्टँडवर नेलं तर जो तो ‘बस आली, बस गेली’. घरात पाहुण्याला वाढायला घेतलं की तोही ‘बस, बस’. कांडी दर वेळी खाली टेकायची आणि खाऊसाठी माझ्या तोंडाकडं बघत राहायची. शेवटी शब्दच सोडले, हाताच्या खुणा ठेवल्या. तळवा खाली म्हणजे बसायचं, मांडीवर थाप म्हणजे जवळ यायचं. सगळ्या तयारीत मला हाच निर्णय सर्वात पटतो, कारण तांबीलाही आता खुणाच कळतात.

आवाज एका वेळी एकच शिकवा. आम्ही मोबाइलच्या अलार्मपासून सुरुवात केली. पोरगी अलार्म लावते, कांडीनं मला नाक लावलं की लगेच उकडलेल्या चिकनचा बिनहाडाचा तुकडा, मग दोघी मिळून मोबाइलपर्यंत जायचं, तिथं दुसरा तुकडा. दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीनदा. तो पक्का झाल्याशिवाय बेलकडं वळायचं नाही.

आणि जुन्या कुत्र्याचं काम एका दिवसात काढून घेऊ नका. मी तांबीचा कामाचा लाल पट्टा एकदम काढून ठेवला, ते चुकलं. दोन दिवस ती दारात बसून राहिली, भाकरीला तोंड लावलं नाही. पट्टा परत घातला तेव्हा उठली. वाटी आधी तिची भरायची, कुरवाळायचंही आधी तिला. कांडीला चढता येणार नाही अशी एक जागा तिला हवी. येणारे-जाणारे लाडानं कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, भरवतात, त्यांना हात जोडून थांबवा. वजन वाढलं की ते दुखऱ्या पायांवरच येतं. द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नकोत.

एक काम मी तिच्याकडं ठेवलंय. पाणी वर चढवायची मोटर सुरू झाली की फरशी थरथरते आणि ते तिला पोटाशी कळतं. टाकी भरली तरी मोटर चालूच राहिली की ती उठून येते, गुडघ्याला ढोसते. तिची गादी म्हणून मी मोटरच्या भिंतीला लागूनच ठेवलीय, तिथं सतरंजी घातलेली नाही.